हजेरी

परवा सकाळी सकाळी भाचीचा फोन आला. "मामा, तुम्ही रोज ते बायबलचं वाचन वाचता ना? मग आज माझ्यासाठी काय आलंय ते सांगा पटकन. अकरा वाजता मुलाखत आहे."

मी चष्मा लावून पाहिलं. त्या दिवशी संत पौलाने एका मंडळीला चांगलं खडसावलं होतं. मुलाखतीचं त्यात काही नव्हतं. तसं सांगितल्यावर ती हसली, म्हणाली, "जाऊ दे, तुम्हीच प्रार्थना करा." फोन ठेवला आणि मी विचार करत बसलो. पेपरातलं राशिभविष्य आणि रोजचं वाचन यात नेमका फरक काय? दोन्ही रोज येतात, दोन्ही छापील असतात, आणि दोन्हींमध्ये माणूस स्वतःला शोधतो. मला सुचलेला फरक असा, की भविष्य तुम्हाला सांगतं तुमचं काय होणार, आणि वाचन विचारतं तुम्ही काय केलंत. म्हणून पहिलं वाचायला गोड लागतं आणि दुसरं टाळावंसं वाटतं. मी स्वतः एक वाचन कित्येक वर्षं टाळलं. आज तेच लिहायला बसलो आहे.

पण आधी सुरुवात सांगतो. हे वाचन मूळचं माझं नव्हे, आमच्या हिचं. पहाटे दूध तापत ठेवलं की गॅसजवळ उभी राहून ती त्या छोट्या पुस्तिकेतून त्या दिवसाचं वाचन मोठ्याने वाचायची. मी ओटीवर पेपर घेऊन. मध्येच विचारायची, "ऐकताय ना?" मी म्हणायचो, "हूं." चौतीस वर्षांचा संसार, त्यात या "हूं"ची संख्या काढली तर लाज वाटेल. २०१८ च्या ऑक्टोबरात ती गेली. महिन्याची मिस्सा झाली, पाहुणे पांगले, आणि एका सकाळी चहा करायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो तर मसाल्याच्या डब्यामागे ती पुस्तिका सापडली. खुणेला बसचं तिकीट. हॉस्पिटलात नेलं त्या दिवसाच्या पानावर. कडेला हळदीचं बोट उमटलेलं. मी तिथेच उभं राहून ते पान मोठ्याने वाचलं. "ऐकतेस ना?" असं विचारावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुढचं पान वाचलं. भक्तीने नव्हे, घरात कोणाचा तरी आवाज असावा म्हणून. सुरुवात इतकी साधी होती.

माझं लेखन वाचणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेलेही बरेच आहेत, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॅथलिक चर्चमध्ये रोजच्या मिस्साला कोणती वाचनं घ्यायची हे ठरलेलं असतं. जगभर एकच. आज वसईत जे वाचलं तेच गोव्यात, तेच रोममध्ये. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात झाली, आणि त्यानंतर १९६९ साली वाचनांचं हे नवं वेळापत्रक निघालं. रविवारची वाचनं तीन वर्षांनी फिरून येतात: एका वर्षी मत्तय, एका वर्षी मार्क, एका वर्षी लूक. योहानाचं शुभवर्तमान मधूनमधून, मुख्यतः प्रायश्चित्तकाळात आणि पुनरुत्थानकाळात. इतर वारी सामान्यकाळातलं पहिलं वाचन दोन वर्षांनी फिरतं, पण शुभवर्तमान मात्र दरवर्षी तेच.

छत्तीस वर्षं मास्तरकी केल्यामुळे मला हे सगळं शाळेच्या वेळापत्रकासारखं वाटतं. मला स्वतःला निबंध शिकवायला आवडायचा आणि व्याकरणातला प्रयोग शिकवायचा कंटाळा यायचा. पण वेळापत्रकात प्रयोग आला की प्रयोग. त्यातून सुटका नाही. ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं असतं तर आपण सगळ्यांनी मेंढपाळाचं स्तोत्र आणि उधळ्या मुलाची गोष्ट एवढंच बायबल वाचलं असतं.

आणखी एक आठवण. मी पोरगा होतो तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असे. आम्ही वेदीसेवक पोरं न समजता पाठ केलेली उत्तरं खडाखड द्यायचो. साठच्या दशकात मराठी आली. पुढे बी. ए. ला मराठी घेतलं तेव्हा फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' अभ्यासाला भेटलं. इंग्लंडातून १५७९ साली गोव्यात आलेल्या माणसाने बायबलची कथा मराठी ओव्यांत सांगितली आणि ती १६१६ साली रोमी लिपीत छापली गेली. तेव्हा मी मित्रांना छाती फुगवून सांगायचो, की आपला शब्द आपल्या भाषेत साडेतीनशे वर्षांपूर्वीच आलाय. छाती फुगवणं सोपं होतं. रोज उघडून वाचणं मात्र पुढे बायकोवर सोपवलं होतं.

आता रोज वाचून काय होतं? खरं सांगायचं तर पुष्कळ दिवस काहीच होत नाही. राजांची नावं, युद्धं, मंदिराची मापं. वाचायचं आणि चहा प्यायचा. पण एखाद्या दिवशी एखादा माणूस त्या पानातून उठून आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसतो.

मार्था आणि मरिया यांची गोष्ट घ्या. सामान्यकाळाच्या सत्ताविसाव्या आठवड्यातला मंगळवार, म्हणजे बहुधा ऑक्टोबर. येशू घरी पाहुणा येतो, मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसते, मार्था कामाने टेकीला येते आणि तक्रार करते. येशू मरियेची बाजू घेतो. आमची ही दरवर्षी या वाचनाशी भांडायची. "सगळे ऐकत बसले असते तर त्या पाहुण्याला जेवायला कोणी वाढलं असतं?" मी पेपरामागून हसायचो. ती गेल्यावर दुसऱ्या वर्षी ते वाचन आलं तेव्हा मी पहाटेची भांडी घासून हात पुसत होतो. सत्तरीत आलेला मी, लग्नानंतर कधी चहाचा कपही विसळला नव्हता. त्या दिवशी मला कळलं, की आमच्या घरात मार्था आणि मरिया दोन्ही तीच होती. दूधही तापवत होती आणि वाचतही होती. मी दोन्हींपैकी कोणीच नव्हतो. मी नुसता "हूं" होतो.

किंवा एलिया. २०२१ च्या ऑगस्टमधली गोष्ट. करोनामुळे देवळं, मशिदी, चर्च सगळं बंद. मुलगा परदेशात अडकलेला. मी जेवणाचा कंटाळा करायला लागलो होतो. बिस्किटं आणि चहा यावर दिवस जात होता. त्या रविवारी वाचन आलं, की एलिया संदेष्टा रानात एका झाडाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, पुरे झालं, आता मला ने. देवदूत येतो. मला वाटलं, आता उपदेश येणार. पण देवदूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो आणि पुन्हा खायला सांगतो. बस्स. एवढा मोठा संदेष्टा, त्याला उपचार काय तर दोन वेळचं जेवण आणि झोप. मी उठलो, भात टाकला, सुकटीची चटणी केली आणि पोटभर जेवलो. यात चमत्कार काही नाही. पण त्या दिवसापासून दुपारचा भात चुकवला नाही.

असो. आता टाळलेल्या वाचनाकडे येतो.

आमचं घर वसईतलं, वाडीचं. केळी, पानवेली, आणि मधोमध बावखल. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पूर्वी त्यावर रहाट असे आणि सगळी वाडी त्याच पाण्यावर पिके. १९६७ साली मी अकरावी मॅट्रिक झालो त्याच उन्हाळ्यात बाबा माडावरून पडले आणि कंबरेतून अधू झाले. वाडी कोण बघणार? मी पास झालो होतो, धाकटा आठवीत होता. त्याची शाळा सुटली. मी विरार लोकलने मुंबईला कॉलेजात जायला लागलो, तो पहाटे पाणी शिंपायला लागला. माझ्या बी. ए. ची फी त्या केळ्यांतून गेली. हे कोणी ठरवून केलं नाही. तसं झालं. पण झालं हे खरं.

पंचेचाळीस वर्षांनी, २०१२ मध्ये, त्याने आपल्या वाट्याची जागा विकायचं काढलं. बावखल बुजवावं लागणार होतं. मी विरोध केला. आजही मला वाटतं, विरोध करण्यात माझं चुकलं नाही. वसईतली किती बावखलं मातीखाली गेली आणि विहिरींचं पाणी कसं उतरलं हे डोळ्यांनी पाहिलंय. चुकलं ते पुढे. मी मराठीचा मास्तर. एका कचेरीत हरकतीचा अर्ज लिहिला, सुंदर अक्षरात, कचेरीच्या भाषेत. त्यात एक वाक्य लिहिलं, की सदर इसम अल्पशिक्षित असल्याने त्यास व्यवहाराचे ज्ञान नाही.

सदर इसम. माझा भाऊ.

अर्जाची प्रत त्याच्याकडे गेली. विक्री थांबली. बोलणंही थांबलं. एका गावात, एका चर्चमध्ये, दोघांच्या घरांत फक्त एक कुंपण. तो रविवारी पहिल्या मिस्साला जायचा म्हणून मी दुसरीला जायला लागलो. हिच्या मयताला तो आला, खांदा दिला आणि न जेवता गेला.

प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या आठवड्यातल्या शुक्रवारी मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वाचन येतं. दरवर्षी. येशू सांगतो, की वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. यातली बारीक मेख पाहा. तुझ्या मनात त्याच्याविषयी काही असेल तर, असं तो म्हणत नाही. त्याच्या मनात तुझ्याविषयी असेल तर, म्हणतो. माझी बाजू बरोबर आहे की नाही हा मुद्दाच तिथे नाही. २०१९ पासून २०२४ पर्यंत सहा वर्षं तो शुक्रवार आला. कधी मी ते पान घाईने वाचलं, कधी व्याकरण तपासलं, आणि दोनदा तर सरळ पुढचं पान उलटलं. पोरांनी धडा गाळला तर छडी उगारणारा मास्तर मी!

मग १७ डिसेंबर २०२४ आला. मंगळवार होता. १७ डिसेंबरचं शुभवर्तमान हे वर्षातलं सगळ्यात कंटाळवाणं मानलं जातं. येशूची वंशावळ. अब्राहामापासून योसेफापर्यंत नुसती नावं. फादर वाचताना अडखळतात, लोक घड्याळ बघतात. मला मात्र ते वाचन आवडतं, कारण ते हजेरीसारखं वाटतं. छत्तीस वर्षं रोज सकाळी पट वाचला. हुशार, ढ, चोरटं, देवभोळं, सगळी नावं एकाच सुरात वाचायची. मत्तयाच्या पटातही तसंच आहे. राजे आहेत, ज्यांचं काही माहीत नाही असेही आहेत, आणि तामार, राहाब, रूथ, उरियाची बायको अशा बायका आहेत, ज्यांची नावं एखाद्या घराने गुपचूप गाळली असती. मत्तय शेवटी बेरीज देतो, चौदा, चौदा आणि चौदा. सवयीने मी एकदा बोटांवर मोजलं तर शेवटच्या गटात तेराच भरले. पंडितांनी त्याची निरनिराळी उत्तरं दिली आहेत. मी मास्तर, मला वाटलं, पटावर एक जण गैरहजर आहे.

त्या मंगळवारी पहिलं वाचन करायची पाळी माझी होती. नेमलेला वाचक आजारी, म्हणून फादरांनी मला उभं केलं. आदल्या रात्री तयारीही केली नव्हती. वेदीपाशी जाऊन पुस्तक उघडलं. उत्पत्तीच्या पुस्तकातला मरणाला टेकलेला याकोब. तो सगळ्या मुलांना जवळ बोलावतो आणि त्यातल्या यहुदाला सांगतो, की तुझे भाऊ तुझा गौरव करतील. मी वाचत होतो आणि डोळ्यांसमोर आमचे बाबा. शेवटच्या दिवसांत आम्हा दोघांना खाटेजवळ बसवून त्यांनी दोघांचे हात एकमेकांवर ठेवले होते. काही बोलले नव्हते. माझा आवाज चिरकला. लोकांना वाटलं, मास्तर म्हातारे झाले.

जागेवर येऊन बसलो. फादर वंशावळ वाचू लागले. याकोबानंतर यहुदाचं नाव येतं, आणि तिथे त्याच्या भावांचाही उल्लेख आहे. इतकी वर्षं ते माझ्या कानावरून गेलं होतं. पटावर एकाचं नाव पुरलं असतं, वंश तर त्याचाच पुढे चालला. पण मत्तय भावांना सोडत नाही. आणि हे भाऊ कसले, तर ज्यांनी योसेफाला वीस नाण्यांना विकलं ते. विकायची कल्पना यहुदाचीच. ती गोष्ट वाचताना मी नेहमी स्वतःला योसेफ समजत आलो होतो. शहाणा, अन्याय सोसणारा. त्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या हिशेब उलटा झाला. आमच्या घरात खड्ड्यात कोण उतरलं होतं आणि त्याच्या किमतीवर कोण शिकलं होतं?

चार दिवसांनी, नाताळाच्या आधीच्या शनिवारी, संध्याकाळी कुंपण ओलांडलं. तो ओट्यावर केळीची पानं बांधत होता. भावजयीने पाणी आणून ठेवलं, बोलली काहीच नाही. मी घरून वाक्यं जुळवून नेली होती. तीस वर्षं पोरांना भाषणाची तयारी करून दिलेला माणूस, पण त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना. शेवटी म्हटलं, "अरे, त्या अर्जात मी जे लिहिलं ते वाईट लिहिलं."

तो गाठ मारत राहिला. मग म्हणाला, "दादा, ती भाषा मला कुठे समजायची. पोराकडून वाचून घेतला मी तो कागद. त्याला विचारलं, इसम म्हणजे काय रे? तो सांगेना."

एवढंच. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. माझा पुतण्या तेव्हा कॉलेजात होता. स्वतःच्या बापाविषयीचं ते वाक्य त्याने काकाच्या अक्षरात मोठ्याने वाचलं होतं. बारा वर्षं मी समजत होतो, की भाऊ जमिनीसाठी अबोला धरून आहे.

समेट झाला का? गोष्टीत होतो तसा नाही. आम्ही मिठी मारली नाही. त्याने विचारलं, "चहा घेणार?" मी घेतला. पुतण्याशी मी वेगळं बोललो. ते इथे लिहीत नाही. बावखलाचा प्रश्न अजून तसाच आहे. त्याला पैशाची गरज आहे हे खरं, आणि पाणी बुजवू नये हेही खरं. कागदांवर सह्या झालेल्या नाहीत. पण आता त्यावर भांडायचं तर समोरासमोर बसून, चहा घेऊन भांडतो. कचेरीतला तो अर्ज मी लेखी मागे घेतला आणि नवा दिला. त्यात बावखलाचं कारण आहे आणि "माझा धाकटा भाऊ" असे शब्द आहेत.

२०२५ च्या १४ मार्चला तो शुक्रवार पुन्हा आला. सातव्या वर्षी मी ते पान शेवटपर्यंत वाचलं. जुलैत योसेफाची गोष्ट आली. भाऊ धान्यासाठी मिसरात येतात आणि त्याच्यासमोर उभे राहतात. यहुदा बन्यामीनसाठी गयावया करतो. त्या दिवशीच्या वाचनात मधला थोडा भाग गाळला आहे, म्हणून मी बायबल काढून पाहिलं. त्या गाळलेल्या भागात यहुदा म्हणतो, की या धाकट्याच्या जागी मला गुलाम ठेवून घ्या. ज्याने एका भावाला विकलं तोच दुसऱ्याच्या जागी उभा राहतो. पटावर त्याचं नाव का राहिलं असेल ते मला तेव्हा उमगलं.

आणि २०२५ च्या १७ डिसेंबरला, बुधवारी, धाकटा माझ्या शेजारी बसला होता. फादर नावं वाचत होते आणि मी सवयीने बोटं मोजत होतो. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "काय मोजत होतास?"

"पट. शेवटच्या रांगेत दरवर्षी एक कमी भरतो."

"मग नीट मोज," तो म्हणाला आणि चपला शोधायला लागला.

असो. बराच वेळ घेतला तुमचा. भाचीचा निकाल अजून यायचा आहे. तिला सांगितलंय, लागली तर पहिले पेढे धाकट्या मामाकडे दे, मग माझ्याकडे ये.